पडदा नसलेला डोळा आणि काचबिंदू

एखादं मूल उन्हात डोळे उघडत नाही, त्याची नजर सारखी हलत राहते. घरचे म्हणतात, "उजेडाला बुजतंय, मोठं झाल्यावर जाईल." अशा मुलाला ॲनिरिडिया असू शकतो. म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा जन्मतःच नसतो, किंवा कडेला नुसता खुंट उरलेला असतो. कारण बहुधा पॅक्स-६ या जनुकातला बदल. यात आईचा दोष नाही, ग्रहणाचाही नाही, हे आधी बोलून टाकू.

आपली खरी काळजी पुढची आहे. अशांपैकी सुमारे निम्म्या जणांना काचबिंदू होतो, आणि तोही बहुधा वाढत्या वयात. डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून बाहेर जातं ती अपुरी असते, किंवा तो खुंटच ती झाकतो. पाणी तुंबतं, दाब वाढतो, डोळ्याची नस सुकत जाते. बहुतेकदा दुखत नाही, म्हणून कळत नाही.

मग दाब मोजावा की! पण मेख इथेच आहे. न्यायदर्शनात आपण शिकतो, अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. सरपण ओलं हवं. या अटीला उपाधी म्हणतात. "आकडा जास्त म्हणजे दाब जास्त" यालाही उपाधी आहे: डोळ्याची पुढची काच नेहमीच्या जाडीची हवी. ती साधारण ५४० मायक्रॉन असते. ॲनिरिडियात पुष्कळदा ६०० च्या वर. मग यंत्र दाब वाढवून दाखवतं. पण काच जाड आहे म्हणून प्रत्येक मोठा आकडा सोडून दिला, तर नजर जाते.

म्हणून डॉक्टर जाडी मोजतात, नस बघतात, आणि दर खेपेला त्याच डोळ्याच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहतात. लहान मुलाला त्यासाठी भूलही द्यावी लागते. उपचार आधी थेंबांनी. नाही भागलं तर शस्त्रक्रिया, कधी बारीक नळी बसवून पाण्याला वाट करून देतात. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते.

शिरूरहून नगर रस्त्याने किंवा दौंडहून रेल्वेने ससूनला जायचं, तर दिवस मोडतो, मजुरी बुडते. म्हणून फेऱ्या चुकतात, हे आपल्याला माहीत आहे. तरी फेरी चुकवू नका, आणि जुना एकही कागद टाकू नका. निदान त्या फायलीवरच उभं असतं.

आता प्रश्न घेऊ.