मे महिन्यातली मराठी पुस्तकं

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की शहरगावातल्या कितीतरी मराठी घरांची पावलं कोपऱ्यावरच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीकडे वळत. अनामत ठेवायची, महिन्याची वर्गणी भरायची आणि आज नेलेलं पुस्तक उद्या बदलून आणायचं. स्वातंत्र्यानंतरची चार दशकं या दुकानवजा वाचनालयांची होती. तिथल्या फळ्यांवर जे असे, त्याला वाङ्मयाच्या इतिहासात जेमतेम परिच्छेदभर जागा मिळाली. माझ्या मते हा मोठा अन्याय आहे. खांडेकर किंवा पेंडसे हातात घेण्याआधी शेकडो पानं भराभर वाचायची सवय आपल्याला लागली ती याच पुस्तकांमुळे.

पोरांची झुंबड बाबूराव अर्नाळकरांवर. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू यांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. बारकं पुस्तक, स्वस्त कागद, आटोपशीर वाक्यं, आणि प्रकरण अशा जागी तोडलेलं की जेवायची हाक ऐकूच येऊ नये. पुढे गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा गाठला. मग सुहास शिरवळकर आले आणि रहस्यकथेतला नायक कॉलेजच्या पोरांच्या भाषेत बोलू लागला.

दुपारची आवराआवर झाल्यावर घरातल्या बायका जे वाचत, ते निराळं. कुमुदिनी रांगणेकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे. आणि या सगळ्यांच्या शेजारी, बहुधा उशीखाली, चंद्रकांत काकोडकर. काकोडकरांची हकिगत सविस्तर सांगायला हवी. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही कथा आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, एवढाच विषय. अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. ऑगस्ट १९६९मध्ये निकाल लागला : कथा अश्लील नाही. तिचा वाङ्मयीन दर्जा फार वरचा नाही, हे न्यायमूर्तींनी स्पष्ट नोंदवलं. पण पुस्तक एखाद्या किशोराच्या हाती पडेल या भीतीने लेखकांनी फक्त किशोरांसाठीच लिहावं, अशी अपेक्षा धरता येणार नाही, असंही म्हटलं. हलक्याफुलक्या कथेच्या बाजूने याहून वजनदार शब्द मराठीत कुणी बोललेलं मला आठवत नाही. त्याच वर्षी राज खोसलांचा 'दो रास्ते' पडद्यावर आला. तो काकोडकरांच्याच 'नीलांबरी' या कादंबरीवर बेतलेला होता. देशभर लोकांनी तो डोक्यावर घेतला. मूळ लेखकाचं नाव मात्र महाराष्ट्रातही फारसं कुणी घेतलं नाही.

ऐतिहासिक कादंबरीचं नशीब याच्या नेमकं उलट. गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून, म्हणजे १८७१पासून, ती मराठीत आहे. हरिभाऊ आपटे आणि नाथमाधव यांनी तिला घरोघरी पोचवलं. पण तिला खरा बहर आला तो १९६२च्या 'स्वामी'नंतर. रणजित देसाईंनी पेशवाईचं राजकारण मांडलं खरं. तरी वाचकांचा गळा दाटून येई तो माधवराव आणि रमेच्या सहवासापाशी, थेऊरच्या शेवटापाशी. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'तही (१९७२) पालखेडच्या मोहिमेपेक्षा मस्तानीच आपल्याला खेचून नेते. म्हणजे मुळात या प्रेमकथाच. फरक इतकाच की त्यांना पुठ्ठ्याची बांधणी मिळाली, 'स्वामी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्या दिवाणखान्यातल्या कपाटात उघडपणे उभ्या राहिल्या. प्रेमाला इतिहासाचं शेला-पागोटं चढलं की आपण लगेच उठून नमस्कार करतो. दोन्ही कादंबऱ्या मला फार प्रिय आहेत, म्हणूनच हे बोलायला हवं.

नामवंतांच्या झगमगाटाची ओढ मात्र मराठीत कादंबरीने कमी आणि आत्मचरित्राने जास्त भागवली. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' (१९७०) चित्रपटसृष्टीची आतली बाजू इतक्या निर्भयपणे दाखवतं की कल्पित कथेची गरजच उरत नाही. श्याम बेनेगलांचा 'भूमिका' त्यातूनच निघाला. त्या जगावर कादंबऱ्या लिहिल्या मराठी घरातल्या शोभा डे यांनी, पण इंग्रजीत : 'सोशलाइट इव्हनिंग्ज' १९८९मध्ये, 'स्टारी नाइट्स' त्यापाठोपाठ.

नव्वदच्या दशकात केबल टीव्हीने दुपार गिळली. लायब्रऱ्या एकेक करून मिटल्या आणि त्यांतली पुस्तकं रद्दीत गेली. त्यातून वाचलेल्यांना बऱ्याचदा सिनेमाने हात दिला. २०१३च्या चित्रपटानंतर 'दुनियादारी' अशा पोरांनी वाचली, जी शिरवळकर लिहीत होते तेव्हा जन्मलीही नव्हती. २०१५मध्ये 'बाजीराव मस्तानी' आला आणि 'राऊ' पुन्हा दुकानांच्या दर्शनी भागात झळकली. 'नीलांबरी'च्या बाबतीत तसं काही घडलं नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ग्रंथालयांनी आपापल्या माळ्यावरचे गठ्ठे सोडून काकोडकर, अर्नाळकर आणि नाईक यांच्या उरलेल्या प्रतींची यादी आताच करायला हवी. तो कागद आणखी फार उन्हाळे टिकणारा नाही.