कपाटात कोंडलेले गॅसमीटर

शेजारच्या बिऱ्हाडी पाइप गॅसचे मीटर शोभेखातर बंद फडताळात दडवण्याचा बेत ऐकला, तेव्हा सुतारास थांबवणे मला अगत्याचे वाटले.

मुख्यत्वे मिथेन असलेला नैसर्गिक वायू हवेहून हलका असल्यामुळे गळती झाल्यास तो वर चढून छतालगत साचतो. सिलिंडरमधला वायू मात्र जड, म्हणून जमिनीलगत पसरतो. यास्तव मीटरपाशी वायुवीजन अबाधित हवे, विशेषतः वरच्या बाजूस, आणि झडपेपर्यंत हात विनासायास पोचला पाहिजे.

घरगुती पुरवठ्याचा दाब अवघा 21 मिलिबार. तरीही सांध्यांची तपासणी साबणाच्या फेसानेच करावी, पेटत्या काडीने कदापि नव्हे. तपासनीस आल्यास ओळखपत्र पाहून त्यास मुभा द्यावी; जोडणीत परस्पर फेरफार करण्याचा अखत्यार ग्राहकास नाही.