नव्या पिकअपचा वास : कोणता आपोआप जाईल, कोणत्यासाठी थांबायलाच हवे

पेठ रोड आणि दिंडोरी रोड हे पंचवटीचे दोन रस्ते बाजार समितीमुळे रात्रीसुद्धा जागे असतात. कोथिंबीर, मेथी, टोमॅटो, कोबी भरलेल्या पिकअप इथून कसारा घाट उतरून मुंबईकडे जातात. फुलेनगरसारख्या आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले या गाड्यांवर चालक आहेत, आणि आता काहींनी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली आहे. घरात पहिल्यांदाच चारचाकी येते, तीही कमाईची. त्यामुळे ती गाडी केवळ चालकाची राहत नाही, सगळ्या घराची होते.

गाडी आल्यावर आठ-दहा दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो : "नवी कोरी गाडी आहे, मग हा वास कसला?" कोणी म्हणते, नवी आहे, येणारच. कोणी केबिनमध्ये सुगंधी डबी ठेवते, कोणी उदबत्ती लावते. शोरूमला जायचे तर एक फेरी बुडते, आणि हप्त्याची तारीख काही थांबत नाही. म्हणून वास तसाच अंगावर काढला जातो. आरोग्याच्या या पानावर आम्ही गाडीविषयी लिहितो आहोत ते याचसाठी. काही वास खरोखरच नवेपणाचे असतात, पण काही वास फुप्फुसाला, डोक्याला आणि जिवाला धोका सांगणारे असतात. या दोन्हींतला फरक घरातल्या प्रत्येकाला कळायला हवा.

नवेपणाचा वास किती दिवस?

कारखान्यात इंजिनाच्या आणि सायलेन्सरच्या भागांना गंजू नये म्हणून तेलाचा, मेणाचा किंवा रंगाचा पातळ थर दिलेला असतो. सायलेन्सर पहिल्यांदा चांगला तापला की तो थर जळतो. करपलेल्या तेलासारखा वास येतो, कधी बॉनेटखालून हलका धूरही दिसतो. पहिल्या काही फेऱ्यांनंतर हा वास कमी होत जातो. ब्रेक आणि क्लच नवे असतानाही सुरुवातीला थोडा वास येऊ शकतो.

केबिनमधला वास वेगळा. सीट, डॅशबोर्ड, गोंद आणि रबर यांतून रसायनांची वाफ निघते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ती जास्त साचते. दम्याच्या माणसाला, लहान मुलाला यामुळे डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके जड होणे असा त्रास होतो. उपाय सोपा आहे. गाडीत बसण्याआधी दोन्ही दारे पाच मिनिटे उघडी ठेवा आणि पहिले काही आठवडे काचा खाली ठेवून चालवा. सुगंधी डबीने वाफ जात नाही, तिच्यावर आणखी एक रसायन चढते. शिवाय खरा धोक्याचा वास तिच्यामुळे झाकला जातो.

साधी खूण अशी : नवेपणाचा वास रोज थोडा कमी होतो. जो वास तसाच राहतो, वाढतो किंवा जाऊन पुन्हा येतो, तो नवेपणाचा नाही.

नाक काय सांगते?

गोडसर वास. काकवीसारखा गोडसर वास आला, काचेवर आतून चिकट धुके धरले, तर कुलंट गळत असण्याची शक्यता असते. कुलंटमध्ये सहसा इथिलीन ग्लायकॉल असते. ते विष आहे. चवीला गोड असल्याने लहान मुले आणि कुत्री ते चाटतात. पोटात गेल्यास आधी दारू प्यायल्यासारखी गुंगी येते, मग मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. उरलेले कुलंट पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवण्याची सवय वस्तीत फार आहे. ती आजच मोडा. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका, उकळते पाणी तोंडावर उडते.

कच्च्या डिझेलचा वास. इंधनाची नळी किंवा जोड सैल असू शकतो. डिझेल सांडले नसतानाही केबिनमध्ये वास टिकत असेल, तर गाडी तपासून घ्या. नळी तोंडाने ओढून डिझेल काढू नका. एक घोट श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसांना सूज येते. कोणाच्या पोटात डिझेल गेले तर उलटी करवू नका, कारण उलटीसोबत ते फुप्फुसात उतरते. थेट दवाखाना गाठा.

गॅसचा वास. सीएनजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळलेले असते. हा वास आला तर गाडी सुरू करू नका. चालू असेल तर मोकळ्या जागी थांबवून बंद करा, सगळ्यांना उतरवा, हाताशी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. विडी, काडेपेटी लांब ठेवा.

सडक्या अंड्याचा वास. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले. बीएस-४ इंधनात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० पर्यंत चालत होते, ते आता १० वर आले आहे. त्यामुळे हा वास डिझेल गाडीत सहज येऊ नये. आला तर आधी बॅटरीची शंका घ्या. बॅटरीला प्रमाणाबाहेर चार्जिंग होत असेल तर ती तापते आणि विषारी वायू सोडते. तिच्यातून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो. विडी ओढत बॉनेट उघडू नका.

जळक्या रबराचा, प्लास्टिकचा वास. मार्केट यार्डात सायलेन्सरला प्लास्टिकची पिशवी किंवा सुतळी चिकटणे नेहमीचेच. आधी ते पाहा. तिथे काही नसेल तर वायरिंग किंवा पट्टा तापतो आहे असे समजा आणि गाडी पुढे नेऊ नका. घाट उतरताना चाकांकडून करपट वास आला तर ब्रेक तापले आहेत. सुरक्षित जागी थांबा, निवू द्या आणि पुढे खालच्या गिअरमध्ये उतरा. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका.

गरम, कोरडा जळका वास. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरली की गाडी स्वतःच आतली काजळी जाळते. त्या वेळी सायलेन्सरच्या आतले तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. वास येतो, इंजिनाचा आवाज थोडा बदलतो, काही मिनिटांनी सगळे पूर्ववत होते. हा बिघाड नव्हे. मात्र अशा वेळी वाळक्या गवतावर, कडब्यावर किंवा बारदानाच्या ढिगाजवळ गाडी उभी करू नका.

ज्याला वासच नाही

एवढे वास सांगितले, पण सर्वांत घातक वायूला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबतही नाही. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. इंधन अर्धवट जळले की तो तयार होतो. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही. माणूस झोपेतच जातो.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन पुरुष मृतावस्थेत सापडले. एसीसाठी लावलेल्या जनरेटरचा धूर आत शिरला होता. कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा जीव घेतला.

पेट्रोल आणि सीएनजी इंजिनाच्या मानाने डिझेल इंजिन हा वायू कमी सोडते, हे खरे. नव्या गाडीतली यंत्रणाही तो कमी करते. पण सायलेन्सरचा जोड सैल असेल, केबिनच्या तळाला छिद्र राहिले असेल आणि माणूस काचा बंद करून तासन्‌तास आत झोपला असेल, तर या फरकावर जीव सोपवता येत नाही. म्हणून धुराचा वास केबिनच्या आत येत असेल, तर तो पहिला इशारा समजा. धूर ज्या वाटेने येतो, त्याच वाटेने बिनवासाचा वायूही येतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नाक थकते. एकाच वासात काही मिनिटे बसले की तो जाणवेनासा होतो. "सवय झाली, आता येत नाही," असे चालक म्हणतो तेव्हा वास गेलेला असेलच असे नाही. सकाळी बाहेरून आलेल्या घरातल्या दुसऱ्या माणसाला दार उघडून पहिला श्वास घ्यायला सांगा.

झोप, गल्ली आणि ताडपत्री

थंडीत यार्डाबाहेर नंबर लागेपर्यंत चालक इंजिन चालू ठेवून, काचा चढवून झोपतात. हे करू नका. इंजिन बंद करा, गोधडी घ्या, दोन्ही काचा दोन बोटे उघड्या ठेवा. ऊब मिळावी म्हणून केबिनमध्ये शेगडी किंवा निखारे नेणे तर सरळ मृत्यूला बोलावणे आहे.

आपल्या गल्ल्या अरुंद आहेत. पिकअपचा सायलेन्सर कोणाच्या तरी दाराकडे तोंड करून असतो. पहाटे गाडी "गरम करायला" दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवली जाते आणि धूर घरात शिरतो, जिथे बाळ, गरोदर बाई, दम्याचे आजोबा झोपलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. आजच्या इंजिनाला एवढा वेळ गरम करण्याची गरज नसते. अर्ध्या-एक मिनिटात निघा आणि पहिला किलोमीटर हळू चालवा. गाडी लावताना सायलेन्सर मोकळ्या बाजूला येईल अशी लावा. शेजाऱ्याने हे सांगितले तर भांडण समजू नका.

तिसरी गोष्ट आपल्या घरोघरची आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला, लग्नाला, मयताला माणसे पिकअपच्या हौद्यात बसून जातात. थंडीमुळे वर ताडपत्री बांधली जाते. धावत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर त्या पोकळीतून ताडपत्रीखाली ओढला जातो. मुले पेंगतात, कोणाला उलटी होते, आपण म्हणतो गाडी लागली. मालवाहू गाडीतून प्रवासी नेण्यास कायद्याने मनाई आहे. अपघात झाल्यास विम्याची भरपाईही अडू शकते. एसटी किंवा रेल्वेने चला. बाबासाहेबांना अभिवादन करायला निघालेले लेकरू सुखरूप घरी परतले पाहिजे.

शोरूमला काय सांगायचे?

आमच्या गल्लीतल्या एका नव्या पिकअपमध्ये गोड वास येत होता. दोनदा "नवी आहे, जाईल" असे ऐकून चालक परतला. तिसऱ्या वेळी त्याच्या पत्नीने सगळे वहीत लिहून दिले : वास कधी येतो, चढावर की उतारावर, हीटर लावल्यावर की एरवी, डोके दुखते का, कुलंटची पातळी किती उतरली. मग तपासणी झाली. नळीची क्लिप सैल निघाली. वॉरंटी असल्याने पैसे पडले नाहीत.

म्हणून तोंडी सांगू नका, लिहून द्या. तक्रार जॉबकार्डवर नोंदवून घ्या आणि त्याची प्रत मागा. "वास येतो" एवढेच न लिहिता "केबिनमध्ये धुराचा वास येतो, डोके दुखते, सायलेन्सरचे जोड तपासावेत" असे लिहा. वॉरंटीत असताना गल्लीतल्या गॅरेजमध्ये वायर किंवा नळी कापू नका, दावा नाकारायला तेवढे कारण पुरते.

त्रास झालाच तर

गाडीत बसल्यावर डोके दुखते, गरगरते, मळमळते, झापड येते आणि उतरल्यावर बरे वाटते. गाडीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असे होते. हे पित्त नव्हे, थकवाही नव्हे. अशा वेळी :

• इंजिन बंद करून सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा. बंद जागेत कोणी बेशुद्ध असेल तर आधी दारे-काचा उघडा, मग आत जा.

• १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर झोपवा, तोंडात पाणी घालू नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबणे सुरू करा.

• रुग्णालयात पोहोचताच सांगा : "गाडीचा धूर लागला आहे." बोटाला लावायचे प्राणवायूचे साधे यंत्र इथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही ते प्राणवायूने भरलेले समजते आणि आकडा ९८ दाखवते. रक्ताची वेगळी तपासणी लागते आणि मास्कने शुद्ध प्राणवायू द्यावा लागतो.

• गरोदर बाईला त्रास कमी वाटला तरी तिला नक्की दाखवा. पोटातल्या बाळाला हा वायू जास्त बाधतो.

गाडीचा हप्ता मोठा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. एक फेरी बुडाली तर महिन्याचा हिशेब हलतो, हेही ठाऊक आहे. पण तो हप्ता भरणारा माणूस रोज त्याच केबिनमध्ये श्वास घेतो. आज रात्री गाडी भरायला निघण्याआधी घरातल्या एकाने दार उघडून एकदा वास घेऊन पाहावा. शंका आली तर उद्याची पहिली फेरी सर्व्हिस सेंटरची.