बंदीच्या काळात अंड्यांचा धंदा : पिल्ले घेण्याआधी हे वाचा



१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपले ट्रॉलर बंद. त्या काळात घरखर्चाला हातभार म्हणून काही भगिनी कोंबड्या पाळायच्या म्हणतात. चांगली गोष्ट आहे. पण अंडेही मासळीसारखेच नाशवंत. भाव पडला तर होडी बांधून ठेवता येते, कोंबडीला थांबवता येत नाही. दाणा रोज घालावाच लागतो, आणि निम्म्याहून जास्त खर्च त्याच्यावरच होतो.

भाव कोण ठरवतो? पूर्वी व्यापारीच ठरवत. १९८२ साली बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती (एनईसीसी) झाली. ती आता शंभर अंड्यांचा भाव सुचवते. पण बेळगावकडून ट्रे येतात ते हजारो कोंबड्यांच्या शेडमधले. त्या भावात आपला दाणासुद्धा सुटणार नाही. म्हणून आपले अंडे 'ताजे गावठी' म्हणूनच विकायचे. त्यासाठी:

१. पिल्लू अंड्यावर यायला पाच-सहा महिने लागतात. जूनमध्ये अंडी हवीत तर पिल्ले डिसेंबर-जानेवारीत घ्या.

२. कोंबडीला घाम येत नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात ती धापा टाकते, कमी खाते, अंडी कमी होतात, कवच पातळ होते. सावली आणि गार पाणी द्या.

३. सुकी मासळी बेताने घाला. जास्त झाली तर अंड्याला वास येतो. खारवलेली तर नकोच, मीठ कोंबडीला बाधते.

४. खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. फळलेले अंडे उकाड्यात लवकर बिघडते.

५. अंडी पाण्याने धुऊ नका, वरचा नैसर्गिक थर जातो. मासळीसारखी बर्फातही ठेवू नका. बाहेर काढली की कवचाला पाणी सुटते आणि जंतू आत शिरतात.

६. गिऱ्हाईक आधी बघा. बंदी संपता संपता श्रावण लागतो, मागणी उतरते. डिसेंबरात नाताळच्या केकमुळे ती वाढते.

एकेकटीने दहा अंडी घेऊन बाजारात गेलात तर दलाल म्हणेल तो भाव. वाड्यावरच्या पाच-सहा घरांनी अंडी एकत्र केली, तर ऑम्लेटच्या गाड्याला किंवा हॉटेलला ठरलेल्या दिवशी ठरलेला माल देता येतो. मग भाव आपणही बोलू शकतो.

ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी कार्यालयात नाव आणि रोजची अंडी कळवा. किती माल निघतो ते समजले की गिऱ्हाईक एकत्रच शोधू.

— सचिव