चौकटीत बसवताना माणसं ताणू नका

बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या अल्बमच्या शेजारी, एखादी काळी व्हिडिओ कॅसेट असतेच. तुमच्या लग्नाची नसली तर नणंदेच्या, दिरांच्या, नाहीतर सासऱ्यांच्या साठीशांतीची. ती लावायला व्हीसीआर उरलेला नाही आणि आतली फीत वर्षागणिक खराब होत चालली आहे. म्हणून अशा कॅसेटी दुकानात देऊन पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचं काम आता घरोघरी चाललं आहे. चांगलंच आहे. पण मैत्रिणींनो, हे करून घेताना एक गोष्ट जरूर सांभाळा. ती म्हणजे चित्राच्या रुंदीचं आणि उंचीचं प्रमाण.

आमच्याकडे नणंदेच्या लग्नाची १९९१ सालची कॅसेट अशीच उतरवून आणली. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं चालतं-बोलतं असं तेवढंच काय ते मागे राहिलेलं. सगळे हौसेने टीव्हीपुढे बसलो, तर पडद्यावर सासूबाई रुंद, बुटक्या, ओळखूच येईनात! "वहिनी, आमची आई अशी कुठे होती?" म्हणून नणंदेच्या डोळ्यांत पाणी. दुकानदाराचं म्हणणं, "फुल स्क्रीन करून दिलंय, मॅडम." आम्हा मोठ्यांना फरक कळला तरी. पण माझ्या धाकटीने आजीला पाहिलेलंच नाही. आजी अशीच दिसत होती, असं तिने खुशाल धरून चाललं असतं.

हे होतं कसं?

जुन्या टीव्हीचा पडदा ४ : ३ या प्रमाणाचा असे, म्हणजे रुंदी ४ भाग तर उंची ३ भाग. मूकपटांच्या काळापासून चालत आलेलं हे प्रमाण दूरचित्रवाणीनेही उचललं. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेही याच चौकटीत. सिनेमा मात्र पुढे रुंद होत गेला. गुरुदत्त यांचा १९५९ सालचा 'कागज के फूल' हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. आणि आज आपल्या दिवाणखान्यातले टीव्ही असतात १६ : ९ चे. जुनं चित्र या रुंद पडद्यावर काठोकाठ भरायचं, तर उंचीच्या मानाने ते आडवं एक तृतीयांशाने ताणावं लागतं. मग माणसं जाड दिसली तर नवल काय?

तीन वाटा

एका मापाचं चित्र दुसऱ्या मापाच्या चौकटीत बसवायच्या वाटा तीनच.

पहिली, ताणणं. हिने चेहरे बिघडतात.

दुसरी, कापणं. यालाच 'क्रॉप' म्हणतात. प्रमाण बिघडत नाही, पण ४ : ३ चं चित्र १६ : ९ करायला उंचीचा पाव हिस्सा कापावा लागतो. वरून कापलं तर मुंडावळ्या जातात, खालून कापलं तर पाया पडणारी मुलं जातात.

तिसरी, चित्र जसंच्या तसं ठेवून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडणं. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर चित्र १४४० बाय १०८० चं येतं आणि दोन्हीकडे २४० ची पट्टी उरते. दुकानदार म्हणतात, गिऱ्हाइकांना पट्ट्या आवडत नाहीत. मी म्हणते, फोटोच्या फ्रेमला आपण भोवती कोरा पुठ्ठा लावतोच ना? तशीच ही पट्टी समजा.

यातली एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. ताणलेलं पुन्हा आवळता येतं, कापलेलं मात्र परत मिळत नाही. आमच्या भाच्याने १९२० ची रुंदी संगणकावर १४४० केली, उंची तशीच ठेवली, आणि सासूबाई पहिल्यासारख्या दिसू लागल्या. डोकं कापून दिलं असतं, तर मूळ कॅसेटवाचून इलाज नव्हता.

त्रैराशिक विसरू नका

आकार लहान-मोठा करायचा तर शाळेतलं त्रैराशिक पुरतं. नवी रुंदी गुणिले जुनी उंची, भागिले जुनी रुंदी, की नवी उंची मिळाली. १९२० बाय १०८० चं चित्र १२८० रुंद करायचं? १२८० गुणिले १०८० भागिले १९२० म्हणजे ७२०. उत्तर विषम किंवा अपूर्णांकात आलं तर जवळची सम संख्या घ्या, कारण बऱ्याच प्रकारच्या व्हिडिओंना सम आकडेच चालतात. बहुतेक प्रोग्रॅममध्ये रुंदी-उंचीच्या आकड्यांजवळ कुलपाची किंवा साखळीची खूण असते. ती लावली की हा हिशेब आपोआप होतो. कापायचं आणि आकारही बदलायचा असेल, तर आधी कापा, मग आकार बदला. आणि लहान चित्र मोठं केलं म्हणून त्यात नवा बारकावा येत नाही, बरं का. ताकात पाणी घालून ताक वाढतं, दाटपणा नाही.

हल्ली आडवा व्हिडिओ फोनच्या उभ्या पडद्यासाठी कापायची टूम आहे. त्यात मूळ रुंदीचा तिसरा हिस्साही शिल्लक राहत नाही. नवरा राहतो, नवरी जाते! स्टेटसला ठेवायला खुशाल कापा, पण अखंड प्रत वेगळी जपून ठेवा.

दुकानात काय सांगाल?

१. "मूळ ४ : ३ प्रमाण ठेवा. पट्ट्या चालतील, ताणू नका, कापू नका."

२. कॅसेटवरून उतरवलेल्या चित्राचं माप पुष्कळदा ७२० बाय ५७६ असतं. पण ते दाखवायचं असतं ७६८ बाय ५७६ च्या प्रमाणात, कारण त्यातले ठिपके चौरस नसतात. ही नोंद फाइलमधून गळली, तर माणसं किंचित सडपातळ दिसतात. तेव्हा "दाखवताना प्रमाण बरोबर येईल ना?" हे विचाराच.

३. पैसे देण्यापूर्वी दोन मिनिटं पाहून घ्या. समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा, भिंतीवरचं घड्याळ किंवा कपाळावरचं मोठं कुंकू. ते लंबगोल दिसलं तर काम परत करायला सांगा.

४. घरी बिघडलेलं दिसलं तर आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार तपासा. कधी फाइल ठीक असते आणि टीव्हीच ताणत असतो.

५. मूळ कॅसेट मागून घ्या आणि कोरड्या जागी उभी ठेवा. टाकून देऊ नका.

घरातली जी माणसं आता नाहीत, त्यांना पुढची पिढी ओळखणार ती या चित्रांवरूनच. पडदा थोडा रिकामा राहिला तर राहू द्या, पण आजीचा चेहरा आजीचाच राहिला पाहिजे.