सुनेच्या पायाखालचा लोड

सावरगावचे नाव आपल्याकडे वर्षातून एकदा निघते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे तर दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. हीच ती गोटमार. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडत होता आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले, अशी आख्यायिका सांगतात. संध्याकाळपर्यंत जखमींचा आकडा लागतो आणि दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रांत छापून येतो. मला आज ज्या दुखण्याविषयी लिहावयाचे आहे, त्याचा आकडा कोठेच लागत नाही. ते लुगड्याच्या काठाखाली झाकलेले असते.

आमच्या घरात सावरगावकडच्या एक काकू होत्या. हा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला, आणि २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण घरातली बोली मराठीच, आणि मोठे दुखणे आले की नागपूर गाठावयाचे हीही जुनीच रीत. काकूंची पाच बाळंतपणे झाली. त्यांचा पाय घोट्याच्या वर कोणी पाहिला नव्हता. म्हातारपणी एकदा पाय चेपून देताना मी लुगडे जरा वर सारले, तो पोटरीवर निळ्या-जांभळ्या शिरांचे गाठोडेच दिसले. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडलेली होती, आणि तेथे एक लहानशी जखम महिनोन्‌महिने भरत नव्हती.

“काकू, हे केव्हापासून?”

“तुह्या मोठ्या दादाच्या येळेपासून. पोटुशी बाईचे पाय ठणकतेतच, बाई. त्यात काय सांगाचं?”

दादा तेव्हा पन्नाशीला आले होते.

डॉक्टर ज्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात, त्याच या फुगलेल्या शिरा. त्यांची गंमत समजून घेण्यासारखी आहे. पायाकडून हृदयाकडे जाणाऱ्या रक्ताला सारा चढ चढावा लागतो. सातपुड्याच्या घाटात भरलेली बैलगाडी चढवताना बैल थांबले की गाडीवान चाकामागे दगड लावतो, म्हणजे गाडी मागे घसरत नाही. शिरांच्या आत अशाच झडपा असतात. पोटरीचे स्नायू आवळले की रक्त वर सरकते, आणि झडप मिटून त्याला खाली येऊ देत नाही. म्हणून चालत्या माणसाची पोटरी हे त्याचे दुसरे हृदयच म्हणावयाचे. झडप ढिली पडली, की रक्त मागे घसरते, साचते, शीर फुगते आणि नागमोडी होते.

गरोदरपणात या झडपांवर तिहेरी संकट येते. बाळासाठी आईच्या अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते. प्रोजेस्टेरॉन नावाच्या स्रावाने शिरांच्या भिंती सैलावतात. आणि वाढलेला गर्भाशय ओटीपोटातल्या मोठ्या शिरांवर दाब देतो. आईच्या किंवा आजीच्या पायावर अशा शिरा असतील तर मुलीलाही त्या येण्याचा संभव अधिक, आणि प्रत्येक खेपेगणिक दुखणे वाढत जाते. संध्याकाळी पाय जड होतात, ठणकतात, रात्री वांब येतात, कातडीला खाज सुटते. संत्र्याच्या बागेत दिवसभर उभी राहणारी मजुरीण आणि आपल्या घरात सणावारी ओट्याशी चार-चार तास उभी राहणारी सून, शिरांच्या लेखी दोघी सारख्याच.

उपाय पाहू गेल्यास अगदी गरिबीतला आहे. एका जागी फार वेळ उभे राहू नये. मांडी घालून किंवा उकिडवेही फार वेळ बसू नये. थोडे चालावे. निजताना डाव्या कुशीवर निजावे, कारण शरीराची मोठी नीला मणक्याच्या उजव्या अंगाला असते आणि डाव्या कुशीने तिच्यावरचे ओझे कमी होते. आणि मुख्य म्हणजे दिवसातून काही वेळा पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडावे. एक उशी आणि वीस मिनिटे, इतकाच खर्च.

पण नेमके हेच आपल्या घरांत होत नाही. वडीलधाऱ्यांकडे पाय करून बसू नये, देवाकडे पाय करू नये, हे आपण मुलींना बोलता येऊ लागल्यापासून शिकवतो. सासरे बैठकीत असताना सुनेने भरदिवसा पाय उशीवर चढवून पडावे, हे कोणत्या जुन्या घराला पाहवेल? कोणी तिला मनाई करीत नाही, हे खरे. मनाई करावीच लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेले ती मान हलवून ऐकते, आणि घरी येऊन पाय पोटाशी घेऊन बसते. हे औषध सुनेला स्वतःहून घेता येत नाही. ते घरातल्या थोरल्या बाईनेच द्यावे लागते.

दुसरा उपाय दाबाच्या मोज्यांचा. यामागे एक कथा आहे. अमेरिकेत कॉन्राड जॉब्स्ट नावाचे अभियंते होते, त्यांना स्वतःलाच शिरांचा विकार. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पाय हलके वाटतात, हे त्यांच्या ध्यानी आले. पाण्याचा दाब तळाशी अधिक आणि वर कमी, तोच दाब कापडात आणावा म्हणून त्यांनी १९५० च्या सुमारास घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे मोजे तयार केले. हे वाचले तेव्हा काकूंची एक जुनी गोष्ट आठवली. नदीवर धुणे धुताना गुडघाभर पाण्यात उभे राहिले की बरे वाटे, म्हणून त्या मुद्दाम उशीर लावीत आणि घरी बोलणी खात! मोजे डॉक्टरांकडून माप देऊन घ्यावेत आणि सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्यापूर्वीच चढवावेत. शिरा भरल्यावर त्यांचा तितका उपयोग नाही. वैशाखात ते नकोसे होतात, हे मान्य. परंतु गुडघ्याखाली करकचून पट्टी बांधण्याचा घरगुती प्रकार मात्र करू नये. त्याने रक्त उलट अडते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, वाचकभगिनींनी संकोच मानू नये. अशाच शिरा कित्येकींना जांघेत आणि गुप्तांगाशीही येतात, जड वाटते, दुखते, आणि बाळंतपणात काय होईल या भीतीने झोप येत नाही. बहुधा त्यांनी प्रसूतीला अडथळा येत नाही, आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत त्या ओसरतात. परंतु प्रसूती करणाऱ्या डॉक्टरला त्या आधी ठाऊक असल्या पाहिजेत. न सांगण्याची आपल्याकडची सवय किती खोल आहे, हे राणी व अभय बंग या डॉक्टर दांपत्याने गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत दाखवून दिले. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. तो अभ्यास शिरांचा नव्हे, पण मौन तेच. २०१६ पासून सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तेथे पोट दाखवतात, पायही दाखवावेत.

बाळंतपणानंतरच्या आपल्या रिवाजांत थोडा विवेक हवा. सव्वा महिन्याची विश्रांती उत्तमच. पण विश्रांती म्हणजे बाजेवर ओंडक्यासारखे पडून राहणे नव्हे. बाळंतिणीच्या रक्ताला गुठळी होण्याची प्रवृत्ती असते आणि पहिले सहा आठवडे हा धोका विशेष. तेव्हा डॉक्टरांनी परवानगी देताच तिने घरातल्या घरात चालावे, निजल्या निजल्या पावले वर-खाली हलवावीत, पाणी भरपूर प्यावे. शेगडीची धग पायांखाली नको, उष्णतेने शिरा अधिकच पसरतात. मालीश करणाऱ्या बाईला फुगलेली शीर आधीच दाखवावी, म्हणजे ती तेथे जोर लावणार नाही.

एकाच पायाला एकाएकी सूज आली, पोटरीत कळ उठली, पाय गरम व लाल झाला, तर तेल चोळीत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. धाप लागली किंवा छातीत दुखले तर तासाचाही उशीर नको. १०८ ला दूरध्वनी करावा. शीर फुटून रक्त येऊ लागले तर बाईला आडवे करून पाय उंच धरावा, स्वच्छ कापड घट्ट दाबून ठेवावे आणि मग दवाखाना.

पुष्कळ जणींच्या शिरा बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांत, कधी वर्षभरात, बऱ्याच ओसरतात. ज्यांच्या राहतात त्यांच्यासाठी इंजेक्शनचे व लेसरचे उपचार आज आहेत. ते गरोदरपणी करीत नाहीत. काकूंच्या वेळी यातले काही नव्हते असे म्हणून आम्ही मनाची समजूत घालीत असू. पण उशी तेव्हाही होती.

मागे एका आप्तांकडे डोहाळजेवणाला गेलो होतो. घर जुने, बैठक मोठी, गादीवर पांढरेशुभ्र लोड. ओटी भरून झाली, तशी सातव्या महिन्यातली सून खांबाला टेकून उभी राहिली, आणि एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेऊ लागली. तिच्या सासूबाई उठल्या. त्यांनी यजमानांच्या पाठीमागचा एक लोड ओढून काढला, सुनेला तेथेच गादीवर आडवी केली आणि तो तिच्या पायांखाली सारला. बैठकीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग यजमान जरा सरकून भिंतीला टेकले, आणि त्यांनी हातातले वर्तमानपत्र थोडे उंच धरले.