अश्रूंचें मोल

जपानांतील क्योटो ॲनिमेशन ह्या संस्थेनें इ. स. २०१८ मध्यें ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’ ही १३ भागांची चित्रमालिका काढली. युद्धांत दोन्ही हात गमावलेली नायिका धातूच्या हातांनीं लोकांचीं पत्रें लिहून देते. दहाव्या भागांत एक मरणोन्मुख माता आपल्या चिमुकल्या कन्येच्या पुढील ५० वाढदिवसांसाठीं तिच्याकडून पत्रें लिहवून घेते. तो भाग पाहून अनेकांचे डोळे पाणावले. हे अश्रु मुद्दाम काढविलेले आहेत, असा कांहींचा आक्षेप. आम्हांस तो पटत नाहीं. केवळ आज्ञा पाळणें जाणणारी ही मुलगी त्या घरीं अश्रु आवरते व परतल्यावर रडते. परदुःख तिला कळूं लागलें, हेंच कथेचें मर्म होय. २०१९ सालीं जाळपोळींत ह्याच संस्थेचीं ३६ माणसें गेलीं. गेलेल्यांचे शब्द मागें राहिलेल्यांस पोहोंचविणारी ही कथा त्यानंतर पाहतांना अधिकच जिव्हारीं लागते.